कुऱ्हाडीने घडवलेले चाक

पॅरिसच्या 'ल मातँ' या दैनिकाने १९०७ च्या जानेवारीत आव्हान दिले : पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीने कोणी येईल काय? १० जूनला पाच वाहने निघाली. १० ऑगस्टला प्रिन्स बोर्गेझे याची 'इटाला' पहिली पोहोचली. यंत्रयुगाचा विजय म्हणून इतिहासाने ही घटना नोंदवली.

सहप्रवासी पत्रकार लुईजी बार्झिनी याच्या प्रवासवर्णनातील खोळंबे मात्र निराळी साक्ष देतात. सायबेरियात पूल मोडून मोटार खाली कोसळली. पुढे रशियात तिच्या लाकडी चाकाचे आरे खिळखिळे झाले. लाकूड फुगून आवळावे म्हणून चाक पाण्यात भिजवले गेले. आपल्याकडे बैलगाडीची चाके भिजवत, तसेच. तेही पुरेना, तेव्हा एका खेडूत सुताराने कुऱ्हाडीने नवे आरे घडवले आणि मोटार मार्गी लागली.

ज्या कारागिरीला मोटारयुग कालबाह्य ठरवणार होते, तिच्याच आधारावर त्या युगाचा हा गाजलेला विक्रम उभा आहे. प्रवासवर्णने अभ्यासताना आपण अंतर आणि वेग मोजतो. प्रवाशाला परक्या भूमीतील माणसांचे ऋण कळते ते गाडी थांबल्यावर. म्हणून खोळंब्याची पाने अधिक सावकाश वाचावीत.