डिमेरिट, जे

डिमेरिट, जे : (४ डिसेंबर १९७९ – ). निवृत्त अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलपटू. इंग्लंडमधील वॉटफर्ड आणि कॅनडातील व्हँकूव्हर व्हाइटकॅप्स या क्लबांकडून मध्य-बचावपटू म्हणून खेळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातर्फे २५ सामने. गोल एकही नाही. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या स्तरापासून तीन वर्षांत प्रीमियर लीगपर्यंत पोहोचलेला खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मात्र या चढणीच्या कथेपुढे तो बचावपटू म्हणून कसा होता, हा मुद्दा बहुधा मागे पडतो.

जन्म विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे. हे गाव पॅकर्स या संघामुळे अंडाकृती चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलचे वेड असलेले. शाळेत तो अनेक खेळ खेळला; पुढे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात फुटबॉलकडेच वळला. तिथे आघाडीची जागा सोडून तो बचावफळीत आला. शिक्षण संपले तेव्हा मेजर लीग सॉकरच्या (एमएलएस) एकाही क्लबाने त्याला ड्राफ्टमध्ये निवडले नाही. काळही वाईट होता. २००२च्या हंगामापूर्वी टॅम्पा बे आणि मायामी येथील दोन क्लब बंद झाले आणि लीगमध्ये जेमतेम दहा संघ उरले. महाविद्यालयातून बाहेर पडलेल्याला ड्राफ्ट चुकला की वर चढायला त्या व्यवस्थेत दुसरी शिडी फारशी नव्हतीच.

इंग्लंडमध्ये तशी शिडी आहे. वरच्या लीगपासून खाली गावोगावच्या हौशी संघांपर्यंत सगळे स्तर बढती-घसरणीने एकमेकांना जोडलेले असतात. अडचण परवान्याची. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला त्या काळी कामाचा परवाना हवा असेल, तर आपल्या राष्ट्रीय संघाच्या मागच्या दोन वर्षांतल्या महत्त्वाच्या सामन्यांपैकी ७५ टक्के तरी तो खेळलेला असावा लागे. डिमेरिटच्या खात्यावर असा एकही सामना नव्हता. पण पूर्वज डॅनिश असल्यामुळे त्याला युरोपात काम करण्याचा हक्क मिळाला. हा कागद नसता, तर पुढचे काहीच घडले नसते. जिद्दीचे गोडवे गाणारे लेख हा तपशील एका वाक्यात उरकतात, तो तसा उरकण्याजोगा नाही.

२००३मध्ये सुमारे १,८०० डॉलर खिशात घेऊन तो लंडनला गेला. मित्राच्या घरच्या माळ्यावर राहिला, पश्चिम लंडनमधील साउथॉल या नवव्या स्तरावरच्या क्लबाकडून आठवड्याला ४० पौंडांवर खेळला. पुढल्या उन्हाळ्यात नॉर्थवुड या सातव्या स्तरावरच्या क्लबाबरोबर तो हंगामपूर्व सराव करत होता. त्यांचा एक मैत्रीपूर्ण सामना वॉटफर्डशी झाला. वॉटफर्डचे प्रशिक्षक रे लुइंग्टन यांनी त्याला तिथे पाहिले, चाचणीला बोलावले आणि वर्षभराचा करार देऊ केला. म्हणजे सातव्या स्तरावरून थेट दुसऱ्या.

लुइंग्टन यांच्यानंतर आलेले एडी बूथ्रॉइड लांब पास, कॉर्नर, थ्रो-इन यांवर भिस्त ठेवणारे. हवेतल्या चेंडूसाठी जिवावर उदार होणारा डिमेरिट त्यांच्या पद्धतीत चपखल बसला. २००५–०६मध्ये वॉटफर्ड चॅम्पियनशिप या दुसऱ्या स्तरावरच्या लीगमध्ये तिसरा आला आणि २१ मे २००६ रोजी बढतीच्या अंतिम सामन्यात लीड्स युनायटेडसमोर उभा राहिला. वेम्बलीची पुनर्बांधणी चालू असल्याने सामना कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर झाला. समोरचा लीड्स पाचच वर्षांपूर्वी चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळलेला. २५व्या मिनिटाला ॲशली यंगने कॉर्नर घेतला. डिमेरिट धावत आला, उंच उडाला आणि चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. वॉटफर्डने सामना ३–० असा जिंकला, सामनावीराचा मान त्याला मिळाला. प्रीमियर लीगचे दार उघडणाऱ्या या एका विजयाची किंमत वृत्तपत्रांनी ४ कोटी पौंडांच्या आसपास लावली होती.

प्रीमियर लीगमध्ये वॉटफर्ड एकच हंगाम टिकला, तोही तळाशी. डिमेरिट मात्र क्लबाबरोबर खाली आला, राहिला आणि कर्णधारही झाला.

मार्च २००७मध्ये ग्वाटेमालाविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले. खरी संधी आली ती २००९च्या कॉन्फेडरेशन्स चषकात. प्रशिक्षक बॉब ब्रॅडली यांनी कार्लोस बोकानेग्राला डाव्या बाजूला हलवले आणि मधे ओगूची ओन्येवूच्या जोडीला डिमेरिट ठेवला. ब्लूमफाँटेन येथील उपांत्य सामन्यात स्पेन समोर होता : युरोपचा विजेता, सलग ३५ सामने अपराजित. अमेरिका २–० जिंकली. स्पेनकडे चेंडू बराच वेळ होता, फटकेही भरपूर. पण स्पेनचे आघाडीवीर तोरेस आणि व्हिया यांच्या पायांपुढे ऐन वेळी कोणीतरी आडवा येत राहिला, आणि तो अनेकदा डिमेरिट होता. त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ कोणता असे विचारले, तर प्रस्तुत लेखक कार्डिफऐवजी हाच सामना निवडील. अंतिम सामन्यात मध्यंतराला २–० पुढे असूनही अमेरिका ब्राझीलकडून २–३ हरली.

त्याच वर्षी कॉन्टॅक्ट लेन्सच्या निमित्ताने डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा उठला, जंतुसंसर्ग झाला आणि दृष्टी धोक्यात आली. नेत्रदात्याच्या कॉर्नियाचे रोपण करावे लागले. उंचावरून येणाऱ्या चेंडूचा अंदाज हेच ज्याचे भांडवल, त्याच्यासाठी ही दुखापत गुडघ्याच्या दुखापतीपेक्षा गंभीर. तरीही २०१०च्या दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात तो अमेरिकेचे चारही सामने पूर्ण खेळला. इंग्लंडशी १–१ बरोबरीत वेन रूनीला त्याने फारशी मोकळीक दिली नाही. घानाविरुद्धच्या बाद फेरीत, जादा वेळेच्या सुरुवातीलाच, असामोआ ग्यान लांब पासवर बोकानेग्रा आणि डिमेरिट यांच्यामधून निसटला व अमेरिका १–२ हरून बाहेर पडली.

वॉटफर्डचा करार संपल्यावर नोव्हेंबर २०१०मध्ये तो व्हँकूव्हर व्हाइटकॅप्सने एमएलएससाठी करारबद्ध केलेला पहिला खेळाडू आणि कर्णधार झाला. ज्या लीगने त्याला नाकारले होते तिच्यात तो असा वयाच्या एकतिसाव्या वर्षी दाखल झाला. पहिला हंगाम निराशाजनक गेला. २०१२मध्ये मात्र व्हँकूव्हर एमएलएसच्या प्लेऑफमध्ये पोहोचणारा पहिला कॅनेडियन संघ ठरला. २०१३च्या सलामीच्याच सामन्यात टाचेचा अकिलीस स्नायुबंध तुटला. हंगामाच्या अखेरीस तो परतला आणि जानेवारी २०१४मध्ये निवृत्त झाला.

त्याच्यावरील ‘राइज अँड शाइन’ हा माहितीपट २०११मध्ये आला. किकस्टार्टर या संकेतस्थळावरून चाहत्यांनी त्यासाठी दोन लाख डॉलरांहून अधिक वर्गणी दिली. २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की क्रॉसचे सुवर्णपदक जिंकणारी कॅनडाची ॲशली मॅकआयव्हर ही त्याची पत्नी. निवृत्तीनंतर त्याने ब्रिटिश कोलंबियात मुलांसाठी शिबिरे चालवली.