भिंतींची बखर

मुरुडला येणारा पाहुणा राजपुरीहून होडीत बसतो, जंजिरा पाहतो आणि परततो. अरबीत ‘जझीरा’ म्हणजे बेट. आपण त्याचा जंजिरा केला. त्या तटाने शत्रूला बाहेर ठेवले, हा इतिहास सर्वांना पाठ आहे. किनाऱ्यावरच्या साध्या घरांच्या भिंतींनी ऊन-पाऊस बाहेर ठेवला, त्यांची बखर मात्र कुणी लिहिली नाही.

कोकणातले घर म्हणजे जांभा. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या डॉक्टराने तो मलबारात पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. आमचे गवंडी त्याचा गुण या नावाशिवायच ओळखून होते.

जांभ्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. भिंत जाड असली की दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत दिवस कलतो. पण छिद्रांत पाणी शिरले की सगळे बिघडते, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणून सारी धडपड भिंत कोरडी ठेवण्याची. उंच जोते, पुढे आलेले छप्पर, पावसाच्या बाजूला बांधलेली झावळ्यांची झापे आणि चुन्याचा गिलावा. चुना ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती आत कोंडते.

अर्थात, जांभा सर्वांच्या नशिबी नव्हता. कष्टकऱ्यांची घरे कुडाची, वर मातीचा लेप. तीही उन्हाळ्यात गार असत, पण दर पावसाळ्यानंतर नव्याने लिंपावी लागत. गारव्याची किंमत बहुधा बायकांच्या हातांनी मोजली.

१८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले कोकणभर पसरली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कौलेही उडाली आणि पत्रेही. पत्रा लवकर बसतो, पण चैत्रात तव्यासारखा तापतो. मग पंखा, मग एसी, मग विजेचे बिल.

२०१८ साली केंद्र सरकारने ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती-छपरांतून घरात किती उष्णता यावी, याची मर्यादा तिने घातली. म्हणजे जुना प्रश्न आता आकड्यांत मांडला गेला आहे. तेव्हा जुने घर पाडण्याआधी एकदा भर दुपारी त्याच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. नव्या घराचा नकाशा त्यानंतर काढा.