घरून काम : कुणाला काय मिळते?

ऑफिसला न जाता फोन-इंटरनेटवर घरूनच नोकरी करणे म्हणजे टेलिवर्क. आपल्याकडे ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोहोचले. त्याआधी चीनच्या सीट्रिप कंपनीत नऊ महिने प्रयोग झाला होता. घरून करणाऱ्यांचे काम १३ टक्के वाढले, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण कामाच्या मानाने बढती कमी मिळाली आणि एकटेपणाला कंटाळून बरेच जण ऑफिसात परतले. मालकाचे भाडे वाचते, तर ऑफिसबाहेरच्या चहावाल्या-रिक्षावाल्याची कमाई घटते.

आपल्या लेकी-सुनांनी एक लक्षात ठेवावे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने तरतूद आली : काम घरून होण्यासारखे असेल, तर बाळंतपणाच्या रजेनंतरही मालकाशी ठरवून ते घरून करता येते. आम्ही एवढेच सांगू, जे ठरेल ते लेखी घ्या. कामाचे तास आणि बढतीसुद्धा.