पडझडीतील पुरावा : जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ

भग्न वास्तूचे जतन हे स्थापत्यज्ञाचे कार्य आणि उत्खनन हे पुरातत्त्वज्ञाचे, अशी विभागणी करण्याचा प्रघात आहे. ही विभागणी कितपत ग्राह्य मानावयाची, याचा विचार जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन भिक्षूंच्या मठाच्या आधारे करण्याचे योजिले आहे.

हे भिक्षू १५७२ साली गोव्यात आले. मोंते सांतो टेकडीवरील त्यांचे जांभ्या दगडाचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सत्तेने धर्मसंघांचे विसर्जन केल्यावर मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे कमानदार छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे जतनकार्य हाती घेतले, तेव्हा वास्तूचा बराचसा भाग स्वतःच्याच अवशेषांखाली गाडलेला होता.

असा ढीग म्हणजे दुरुस्तीच्या मार्गातील राडारोडा, असे मानणे सोयीचे असते. वस्तुतः तो एक पुरातत्त्वीय स्तरच होय. कोणता भाग आधी पडला, रंगीत झिलईची फरशी कोणत्या दालनातील, हे तो हलविण्यापूर्वीच ठरविता येते. हलविल्यावर दगड उरतो. त्याचे स्थान उरत नाही.

स्थानाचे हे मोल राणी केतेवानच्या अस्थींच्या शोधातून प्रत्ययास येते. जॉर्जियातील काखेती राज्याच्या या राणीस धर्मांतर नाकारल्याबद्दल इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ साली शिराझ येथे ठार मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन भिक्षूंनी तिच्या काही अस्थी १६२७ मध्ये गोव्यास आणल्या आणि मठातील सभादालनाच्या प्रार्थनागृहात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत ठेविल्या, असे पोर्तुगीज साधनांत नमूद आहे. परंतु भिंतीच ढासळल्या असता दुसरी खिडकी कोणती? दालनाची ओळख, भिंतींची रेषा आणि खिडक्यांचा क्रम निश्चित झाल्याखेरीज त्या उल्लेखाचा उपयोग नव्हता. अखेर २००४ मध्ये येथे अस्थी हाती आल्या.

पुढे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी जनुकीय परीक्षण केले. एका अस्थीत जो मातृवंशगट आढळला, तो भारतीय नमुन्यांत मिळाला नाही, जॉर्जियातील नमुन्यांत मात्र मिळाला. येथून मिळालेल्या इतर अस्थी दक्षिण आशियाई वंशगटांच्या निघाल्या. तरीही ही अस्थी केतेवानची ‘बहुधा’ असावी, एवढेच संशोधकांनी म्हटले. ते योग्यच होय. जनुकीय परीक्षण वंश दाखविते, नाव सांगत नाही. नाव सुचले ते कागदपत्रातील उल्लेख आणि जमिनीवरील जागा यांच्या मेळातून. २०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियास अर्पण केला; त्या अर्पणाचा ऐतिहासिक आधारही याच मेळावर उभा आहे.

पावसाळ्यापूर्वी भिंती सावरण्याची निकड खरी असते आणि नोंदी घेण्याने कामाची गती मंदावते, हेही खरे. परंतु ढासळू पाहणारी भिंत पुन्हा बांधता येते; नोंद न करता उपसलेला ढीग पुन्हा रचता येत नाही. म्हणून जतनकार्यावरील पुरातत्त्वीय देखरेख पहिली पाटी उचलण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे. काम संपल्यावर येणाऱ्या अभ्यासकास सुस्थितीतील वास्तू लाभेल. तिचा इतिहास लाभेलच असे नाही.