पावसाळ्यातील पावलांची निगा : घरच्या घरी पेडिक्युअर

‘पेडिक्युअर’ हा शब्द पाऊल आणि काळजी या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून बनला आहे. आज तो उच्चारताच रंगवलेली नखे डोळ्यांसमोर येतात आणि काळजीचा भाग मागे पडतो. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात पावले सतत ओली राहतात. त्यामुळे येथे हाच भाग अधिक मोलाचा ठरतो. चतुर्थीच्या आधी घरीच पावलांची निगा राखण्यासाठी पसरट टब, नेलकटर, नखे घासण्याची पट्टी, वज्री, मऊ टॉवेल आणि मलम एवढे साहित्य पुरेसे होते.

आधी पाहणी

पाय भिजवण्यापूर्वी ते चांगल्या उजेडात नीट पाहावेत. नखांवरचा जुना रंग आणि बोटांतील जोडवी काढून ठेवावीत, कारण जोडव्यांखाली ओल साचून राहते. तळवा दिसत नसल्यास खाली आरसा धरावा. बोटांच्या बेचक्यांतील त्वचा पांढरी पडून खाज सुटत असेल, तर त्या बहुधा चिखल्या असतात. हा बुरशीचा संसर्ग असून तो टॉवेल व वज्रीवाटे घरातील इतरांनाही होऊ शकतो. अशा वेळी आधी उपचार करावेत. जाड, पिवळसर आणि ठिसूळ झालेले नखही रंगाखाली झाकू नये, डॉक्टरांना दाखवावे.

भिजवणे आणि नखे कापणे

कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून पाय सुमारे दहा मिनिटे भिजवावेत. पाणी किती गरम आहे, हे कोपराने पाहावे. फार वेळ भिजवल्यास त्वचा नंतर अधिकच कोरडी पडते.

नखे सरळ रेषेत कापावीत. कडा गोल करण्यासाठी कोपरे खोलवर कोरल्यास वाढणारे नख मांसात रुतते. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये. नख आणि त्वचा यांमधील फट ती बंद ठेवते. ती निघाल्यास जंतूंना वाट मिळते आणि नखुरडे होते.

टाचांच्या भेगा

तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात. म्हणून टाच कोरडी पडते, कातडी जाड होते आणि शरीराच्या भाराने तिला भेगा जातात. ओल्या टाचेवरून वज्री हलक्या हाताने फिरवावी. सगळी जाड कातडी एकाच दिवशी काढण्याचा अट्टहास नको आणि ब्लेड तर कधीच वापरू नये. नंतर पाय, विशेषतः बेचक्या, पूर्ण कोरड्या कराव्यात. युरियायुक्त मलम किंवा गोव्यातील जुन्या घरांना परिचित असलेले कोकमाचे तेल रात्री टाचांना चोळून मोजे घालावेत. बेचक्यांत मात्र काहीही लावू नये. तेथील ओल बुरशीला पोषक ठरते.

रंग लावायचा असल्यास आधी बेस कोट द्यावा. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. त्यामुळे एकदा बिघडलेले नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते.

मधुमेह असल्यास

‘आयसीएमआर-इंडियाब’ या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे 26.4 टक्के, आढळले. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते. पाणी पोळले किंवा वज्री लागली तरी ते जाणवत नाही आणि जखम चिघळते. अशा व्यक्तींनी पाय भिजवत ठेवू नयेत, कुरूप घरी कापू नये आणि त्यावर औषधी पट्ट्याही लावू नयेत, कारण त्यांतील आम्ल निरोगी त्वचाही जाळते. पाय रोज धुऊन कोरडे करावेत आणि रोज तपासावेत. दिसायला अडचण असल्यास हे काम घरातील कुणीतरी करावे.

जखम आणि साचलेले पाणी

उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील लहानशा जखमेवाटेही शरीरात शिरतात. नख कापताना किंवा टाच घासताना ओरखडा उठला असेल, तर तो भरून येईपर्यंत साचलेल्या पाण्यात किंवा शेतातील चिखलात उतरू नये. उतरणे अटळ असल्यास जखम झाकून गमबूट घालावेत.

वापरानंतर नेलकटर साबणाने धुऊन, पुसून, स्पिरिट लावून ठेवावा. वज्री धुऊन उन्हात वाळवावी आणि प्रत्येकाची वेगळी असावी. पायावरील जखम भरत नसेल, सूज किंवा पू दिसत असेल अथवा नखावर नवी काळी रेघ उमटली असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.