हूव्हरचा विलायती संसार

परदेशी माल बंदरात उतरविणे व्यापाऱ्यास फारसे अवघड नसते. तो परक्या माणसाच्या घरात शिरविणे मात्र अवघड असते. त्यातून तो माल घर झाडण्याचा असेल, तर काम अधिकच कठीण होय. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतात. घराची स्वच्छता ही गृहिणीच्या अभिमानाची गोष्ट. तेथे परक्या यंत्रास ती सहजासहजी पाऊल ठेवू देत नाही. हूव्हर नावाच्या अमेरिकन धूळशोषक यंत्राने विलायतेत हा प्रवेश कसा मिळविला, आणि तेथे जोडलेली पत पुढे कशी घालविली, हा इतिहास यास्तव मोठा बोधप्रद आहे.

मौज अशी की, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची कल्पना विलायतेस नवी नव्हती. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनीयराने १९०१ साली असे यंत्र सिद्ध केले होते. ते एवढे अवजड होते की, घोड्यांच्या गाडीवर घालून ग्राहकाच्या दारी न्यावे लागे. यंत्र रस्त्यावर धडधडत राही आणि त्याच्या लांबलचक नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यात सोडीत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले. राजदरबारी मान मिळाला खरा, तथापि हा थाट श्रीमंतांपुरताच राहिला. सामान्य गृहिणीला हाताळता येईल असे यंत्र निघाले ते अमेरिकेत.

ओहायो संस्थानातील कॅन्टन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा एक गृहस्थ दुकानाची झाडलोट करीत असे. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव मेटाकुटीस येई. त्याने पंख्याची विजेची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घालून एक हलके यंत्र बनविले व १९०८ साली त्याचे पेटंट घेतले. ते हक्क विल्यम हूव्हर या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतले. मोटारगाड्यांचे दिवस येत चालले होते. घोड्यांच्या खोगिरांचा आणि साजाचा धंदा फार काळ चालणार नाही, हे त्या दूरदर्शी माणसाने ओळखले. त्याने जाहिरात दिली की, यंत्र दहा दिवस घरी फुकट वापरून पाहावे आणि मग घ्यावे. ग्राहकाने आधी अनुभव घ्यावा व मग विश्वास ठेवावा, हेच या व्यापाराचे बीज होय.

१९१९ साली हूव्हर कंपनीने विलायतेत आपली शाखा काढली. काळ अनुकूल होता. पहिल्या महायुद्धानंतर मध्यमवर्गीय कुटुंबांस घरकामाला नोकर मिळेनासे झाले होते. १९२६ च्या कायद्याने विजेचा पुरवठा देशभर एकसूत्री करण्याचे काम सुरू झाले आणि घरोघर वीज पोहोचू लागली. विक्रेते दारोदार जात, गृहिणीच्या डोळ्यांदेखत तिच्याच गालिचातील धूळ काढून दाखवीत आणि किंमत हप्त्यांनी फेडण्याची सवलत देत. १९३२ साली ब्रिटनने बहुतेक परदेशी मालावर जकात बसविली. त्याच सुमारास कंपनीने लंडनच्या पश्चिमेस पेरिव्हेल येथे स्वतःचा भव्य कारखाना बांधला व १९३३ साली तो थाटामाटाने उघडला. नाव अमेरिकन, परंतु कारखाना इंग्रजी आणि कामगार इंग्रज, अशी स्थिती झाल्यावर त्या यंत्राचे परकेपण उरले नाही. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात विमानांचे विद्युत भाग तयार झाले. १९४६ साली स्कॉटलंडमध्ये कँबसलँग येथे दुसरा कारखाना निघाला.

या यशाची खूण भाषेतच उमटली. आपल्याकडे कोणत्याही कारखान्याच्या वनस्पती तुपास डालडा म्हणण्याचा प्रघात पडला. त्याचप्रमाणे विलायतेत कोणत्याही कंपनीच्या धूळशोषक यंत्रास लोक हूव्हर म्हणू लागले. एवढेच नव्हे, तर त्या नावाचे क्रियापद झाले व ते शब्दकोशात जाऊन बसले. मूळचे इंग्रज यंत्र काढणाऱ्या बूथच्या वाट्याला हा मान आला नाही.

परंतु शब्दकोशातील स्थान म्हणजे बाजारातील पत नव्हे. जेम्स डायसन या इंग्रजाने थैलीवाचून चालणारे यंत्र कल्पिले आणि ५,१२७ नमुने करून ते सिद्ध केले. जुन्या यंत्रांच्या कागदी थैल्या ग्राहकास वारंवार विकत घ्याव्या लागत. त्या विक्रीचा नफा बुडेल अशा शोधाचे स्वागत कोणता कारखानदार करणार? हूव्हरसह मोठ्या कंपन्यांनी तो नाकारला. अखेर १९८६ साली ते यंत्र जपानमध्ये विक्रीस आले. तेथे त्याची किंमत सुमारे २,००० डॉलर होती. तरीही जपानी ग्राहकांनी ते हौसेने घेतले. परदेशी मिळालेल्या या पैशाच्या बळावर डायसनने १९९३ साली स्वदेशात आपले यंत्र विकावयास काढले.

नेमक्या याच वेळी हूव्हर स्वतःच्या करणीने अडचणीत आली होती. १९९२ साली साठलेला माल खपविण्यासाठी ब्रिटनमधील शाखेने जाहीर केले की, १०० पौंडांचा माल घेणाऱ्यास विमानप्रवासाची दोन तिकिटे फुकट मिळतील. प्रथम ती युरोपपुरती होती. पुढे अमेरिकेचीही देऊ केली. तिकिटांची किंमत मालाहून कितीतरी अधिक! लोकांनी गरज नसता यंत्रे घेतली. तिकिटे देता देता कंपनीच्या नाकी नऊ आले. सुमारे २,२०,००० लोकांनी प्रवास केला, कित्येकांना तिकिटे मिळालीच नाहीत, आणि ते न्यायालयात गेले. तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांस काढून टाकण्यात आले आणि सुमारे पाच कोटी पौंडांचा भुर्दंड बसला. १९९५ साली अमेरिकन मालकांनी युरोपातील हूव्हरचा धंदा कँडी या इटालियन कंपनीस विकला. पुढे २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हूव्हरने डायसनच्या पेटंटाचा भंग केला आहे. जो शोध कंपनीने एकदा दारातून परत पाठविला, त्याचेच अनुकरण केल्याचा ठपका तिच्यावर आला.

२०१९ साली कँडी कंपनी चीनच्या हायर उद्योगसमूहाने घेतली. पेरिव्हेलचा कारखाना १९८२ सालीच बंद पडला होता. त्याच्या आवारात किराणामालाचे मोठे दुकान आणि दर्शनी वास्तूत राहती घरे झाली. इंग्रज गृहिणी आजही घर झाडताना तेच क्रियापद वापरते. मात्र तिच्या हातातील यंत्र पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीचे असते. दहा दिवस यंत्र वापरून पाहा, असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने ग्राहकाचा विश्वास मिळविला. फुकट तिकिटांची लालूच दाखविणाऱ्या वारसांनी तो गमाविला. पहिल्याने यंत्राची पारख करावयास सांगितले होते, दुसऱ्यांनी यंत्राचा विसर पाडावयाचा प्रयत्न केला. दोघांच्या हाती नाव एकच होते.