‘लक्ष्मी’ शब्दाची कुळकथा

दिवाळीच्या अमावास्येस आपण जिचे पूजन करतो, त्या लक्ष्मीचा धनाशी संबंध इतका दृढ झाला आहे की, या शब्दाचा मूळ अर्थ सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो अर्थ आहे खूण, चिन्ह. ‘लक्षण’ हा शब्द याच कुळातला.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७१ व्या सूक्तात लक्ष्मी आढळते, ती तिजोरीत नव्हे, तर वाणीत. चाळणीने पीठ चाळावे तसे जे विचारपूर्वक शब्द निवडतात, त्यांच्या वाणीत कल्याणी लक्ष्मी वसते, असा तेथील आशय आहे. ‘कल्याणी’ हे विशेषण तेथे निरर्थक नाही. कारण खूण शुभ असते तशी अशुभही असते. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात मर्त्य मानवाच्या देहासवे १०१ लक्ष्मी जन्मतात असे सांगून, माळावर विखुरलेल्या गाई निवडाव्यात तशी त्यांतील पापी व पुण्यकारक यांची निवड केली आहे.

‘श्री’ म्हणजे तेज व ऐश्वर्य. वाजसनेयी संहितेत श्री व लक्ष्मी या दोन निराळ्या देवता आहेत. पुढे त्या एकरूप झाल्या आणि अशुभाचा वाटा अलक्ष्मी ऊर्फ ज्येष्ठा या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. पुराणांनी ज्येष्ठेस घराबाहेर काढले. महाराष्ट्रात मात्र भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी शेजारी शेजारी बसतात. ज्येष्ठा हे नाव तेथे नक्षत्रावरून आले असेही मानतात. पण विदर्भ-मराठवाड्यात या दोघींनाही महालक्ष्मी म्हणतात, आणि नैवेद्य दोघींना सारखाच असतो.

खुणेचा तो जुना अर्थ अद्यापि मेलेला नाही. सून उंबरठा ओलांडते तेव्हा ती गृहलक्ष्मी. त्याच वर्षी व्यापारात खोट आली की तीच ‘पांढऱ्या पायाची’! बाजारातील मंदीची खूण निरपराध मुलीच्या पावलांत शोधणे हा कोणता न्याय? हुंड्यास कायद्याने १९६१ मध्ये बंदी केली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संपूर्ण देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतका हक्क दिला. आपल्या ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी एवढेच पाहावे की, ज्या मुलीस आपण लक्ष्मी म्हणतो, तिचा वाटा हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून तर घेत नाही ना? घरातील लक्ष्मी कल्याणी की पापी, हे तिच्या पावलांवरून नव्हे, आपल्या वाणीवरून व वर्तनावरून ठरते.